इस्त्री केलेलं दुखणं

माझी आत्या डोळे मिटून ऐकली तरी ओळखू येते. आधी वाफेचा फुस्स, मग इस्त्री टेकल्याचा ठक्, मग कपडा झटकल्याचा फटाक्, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला तिचा आवाज: "कॉलर बघ, कॉलर! माणसानं तोंड धुतलंय की नाही ते कॉलरवरून कळतं!"

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. पुढे काउंटर, त्यामागे पडदा, पडद्यामागे जाड ब्लँकेट ताणून बसवलेलं टेबल. छताखाली एक आडवी नळी आणि तिच्यावर ओळीनं टांगलेले शर्ट, कोट, झगे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत सभा भरलीय आणि सगळे डोकी घरी विसरून आलेत. येणारे-जाणारे तिला इस्त्रीताई म्हणतात.

घरात आम्ही तिघं. आत्या, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, आणि मी. आई नोकरीच्या गावी असते, सुट्टीला येते. बाबा रंगाच्या दुकानात काम करतात. त्यांचं बोलणं "माझं काय म्हणणं आहे..." इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं, कारण पुढचं वाक्य आत्या बोलून टाकते. मला ती 'नक्कल' म्हणते. मी लोकांच्या नकला करते म्हणून. खरं तर मी करत नाही, त्या होतात. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडतं आणि त्याचा आवाज माझ्या तोंडात मागे राहतो, कोटाच्या खिशात रुमाल राहावा तसा.

आत्याचा कायदा एकच: चुणी दिसता कामा नये. कपड्यावर तर नाहीच, पण घरातही नाही. पाहुणे यायचे असले की ती पडदे दांडीवर असतानाच वाफेनं सरळ करते. माझा भूगोलाचा नकाशा दप्तरात चुरगळला होता, त्याच्यावरूनही तिनं इस्त्री फिरवली. दोन समुद्र आणि एक वाळवंट जरा पिवळे पडले, पण सुरकुती म्हणाल तर एक नाही. बाबांशी भांडण झालं तरी काउंटरवर कुणी आलं की चेहरा असा सपाट, की भांडण झालंच नव्हतं.

अशा बाईच्या बोटांत दुखणं शिरलं. मग तिनं काय केलं असेल? त्यालाही इस्त्री केली.

त्याचं असं झालं की आमच्याकडे तापाची साथ आली. त्या तापाची खोड अशी, की ताप उतरायचा आणि सांधे धरून ठेवायचा. अख्खा रस्ता लंगडत होता. पोस्टमन लंगडत पत्रं टाकायचा, बेकरीवाला भिंत धरून पाव मोजायचा. शेजारच्या दुकानातले शिंपीकाका तर खुर्चीतून उठताना एक अख्खं गाणं म्हणायचे, फक्त त्याला शब्द नव्हते, नुसते "आऽई, ऊऽई". ते तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे ओठ मिटावे लागणारी अक्षरं त्यांच्याकडे नाहीतच. "ताई, तुहचे गुडघे काय हणतात?" असं ते आत्याला विचारायचे. ती म्हणायची, "गुडघे काही म्हणत नाहीत. तुमचंच अक्षर न् अक्षर गळतंय, ते बघा."

हळूहळू सगळे बरे झाले. पोस्टमन सरळ चालायला लागला, बेकरीवाल्यानं भिंत सोडली, काकांचं गाणं थांबलं. आत्याचं तेवढं राहिलं. आणि तेही गुडघ्यात नाही, बोटांत. दोन्ही हातांच्या, मुळाशी, जिथे मूठ वळली की टेकड्या उभ्या राहतात तिथे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आत्याची मूठ सकाळी झाकतच नव्हती.

नेहमीच्या डॉक्टरांनी हात लांबूनच बघितला. "साथीतलंच आहे. सगळ्यांचं गेलं, तुमचंही जाईल," म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आत्यानं ते वाक्य झेलून घेतलं आणि जो विचारेल त्याच्या तोंडावर टाकलं. "जाईल. साथीतलंच आहे."

पण घरात भिंतींना कान असोत नसोत, मला आहेत. सकाळी न्हाणीघरात नळ पूर्वी चर्र करून एका झटक्यात उघडायचा. आता आधी मनगटाचा ठोका, मग थांबणं, मग दुसरा ठोका. दुकानात 'ठक्'च्या आधी एक छोटा श्वास यायला लागला. चुणीदार झगे घेऊन कुणी आलं की आत्या म्हणायची, "वाफ बिघडलीय, पुढच्या आठवड्यात बघू." वाफ ठणठणीत होती.

आणि एका दुपारी मी पडद्यामागे मोजे जोडत बसले असताना शिंपीकाका आले. त्या दिवशी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणजे बोलणं महत्त्वाचं असणार.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात म्हणून विचारतो. मला घाई नाही. पण भिंत पाडायची तर गवंड्याला आधी सांगावं लागेल."

"महिनाअखेर सांगते," आत्या म्हणाली. "तुम्हालाच देणार. दुसऱ्या कुणाला खोली द्यायची नाही मला."

"पण का? चांगलं चाललंय की."

"कंटाळा आला हो. किती वर्षं लोकांच्या चुण्या काढायच्या?"

आत्याला कंटाळा! समुद्राला पाण्याचा कंटाळा आला असता तर मी एकवेळ मानलं असतं. मी हातातला मोजा भलत्याच मोज्याशी जोडला आणि रात्रीच्या जेवणाला बाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "ताई, माझं काय म्हणणं आहे..." आणि आत्या म्हणाली, "ठीक आहे, दाखवते सांध्यांच्या डॉक्टरला. पण एकदाच. उगाच राईचा पर्वत नको."

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या दवाखान्यात दुपारी बसायच्या. निघायच्या आधी आत्या दुकानात गेली, म्हणाली, इस्त्री बंद केली का बघून येते. मी मागोमाग. इस्त्री बंदच होती. तिनं ती चालू केली, दोन टॉवेल ओले केले, त्यांच्यावरून वाफ फिरवली आणि गरमागरम टॉवेल दोन्ही हातांना गुंडाळून बसली. मग एक गोळी. मग बोटं उघडून मिटून पाहिली, कडक घडीचे कपडे घातले, केस चापून बसवले आणि म्हणाली, "चला." ताकाला जाऊन भांडं लपवणारे ऐकले होते, ही भांडं घासूनपुसून चकचकीत करून, वर रिकामं दाखवायला निघाली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना 'छान' म्हणायची सवय होती.

"काय होतंय?"

"बोटं दुखतात. जराशी."

"छान. कधीपासून?"

"तापाची साथ होती ना, तेव्हापासून."

"छान. सूज?"

"छे हो."

बाईंनी एकेक बोट हातात घेऊन पाहिलं. बोटं ताज्या पावासारखी मऊ आणि ऊन. "हात बरेच गरम आहेत."

"इस्त्रीवालीचे हात. थंड कसे असतील?"

"हो, तेही खरंच. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात? वळायला वेळ लागतो?"

"मुळीच नाही. उठले की लागले कामाला."

"माझं काय म्हणणं आहे..." बाबा म्हणाले.

"तू थांब रे."

बाईंनी कागद पुढे ओढला. "तापानंतर असं राहतं काही दिवस. पुष्कळांचं आपोआप जातं. गोळ्या आहेतच तुमच्याकडे. दोन-तीन महिन्यांत थांबलं नाही तर परत या."

आत्या उठलीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा डाग पडलेला कोट गिऱ्हाइकानं न बघता नेला की असतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर गवंडी आला, त्याच्या हातात हातोडा.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आत्याची सकाळ दाखवू?"

"काय दाखवतेस?"

"सकाळ. तिची."

बाबांनी खुर्ची मागे सरकवली, म्हणजे मला जागा झाली. मी सुरू केलं. आधी उठणं: पांघरूण बोटांनी नाही, कोपरानं बाजूला. मग नळ: मनगटाचा ठोका, थांबा, दुसरा ठोका. ब्रश मुठीत, लहान मूल चमचा धरतं तसा. पेस्टची नळी बेसिनच्या कडेवर ठेवून तळव्यानं दाबायची, पेस्ट आरशावर. आणि आत्याचा आवाज, अगदी बारीक, स्वतःशीच: "कोण गं बाई रात्रीतून माझी बोटं शिवून गेलं?" मग गळ्याचं बटण. एकदा. परत एकदा. मग आजूबाजूला बघायचं, कुणी नाही ना, आणि कपडे बटण न काढता डोक्यातूनच. मग गरम पाण्याच्या तांब्यात हात बुडवून डोळे मिटून उभं राहायचं. चहा गार होतो, बाबा आंघोळ करून येतात, माझी वेणी घालून होते, तरी ती उभीच.

बाई हसत होत्या. नकलेला हसतात तशा, खांदे हलवून. मग मी दुकान दाखवलं: इस्त्री दोन्ही हातांनी उचलायची, गिऱ्हाईक दिसलं की एक हात पाठीमागे. आणि मग आजची दुपार. टॉवेल, वाफ, गुंडाळलेले दोन हात मांडीवर, दुपट्यातल्या जुळ्या बाळांसारखे. आणि वरून गोळी.

बाईंचं हसू कुठेतरी गोळीपाशी थांबलं. 'छान' आलं नाही.

"हात गरम करून आणलेत?" त्यांनी आत्याला विचारलं.

"तिलाच विचारा," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तिला सगळं माहीत असतं. माझ्यापेक्षा जास्त."

"मी रागावत नाही हं. पण तुम्ही मला दुखणं धुऊन, घडी घालून दिलंत. मी ओळखायचं कसं?"

"म्हणून काय, घाणेरडं तसंच आणायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. "इथे तसंच आणायचं."

त्यांनी आत्याचा हात हातात घेतला, हस्तांदोलन करावं तसा, आणि बोटांच्या मुळाशी आडवा हलकेच दाबला. गोळी होती, वाफ होती, तरीही आत्याच्या कपाळावर चुणी उमटली. ती काही तिला झाकता आली नाही.

मग बाईंनी नीट समजावलं. त्या समजावतात तेव्हा पेन टेबलावर उभं धरतात आणि प्रत्येक मुद्द्याला आपटतात. बोटं सुजण्याची सुरुवात सगळ्यांची सारखीच दिसते (टक्). साथीचं असलं की ते पाहुणं असतं, चार दिवस राहतं आणि जातं (टक्). पण कधीकधी शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. ते दुखणं जात नाही, आणि वेळेवर आवरलं नाही तर हाड कुरतडतं (टक् टक्). बाहेरून दोन्ही सारखी. पण दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा रक्तात काही अँटीबॉडी सापडतात, सांधे सुजायच्या कितीतरी आधीपासून असतात त्या. आरए फॅक्टर म्हणून एक तपासणी आहे, अँटी-सीसीपी म्हणून दुसरी. "हातांचा एक्स-रे काढू आणि या दोन्ही तपासण्या करू. त्यावरून कळेल, हे राहणार आहे की जाणार आहे."

"नक्की कळेल?" बाबांनी विचारलं.

"नक्की असं नाही. भविष्य नाही हे, अंदाज आहे. काहींच्या रक्तात काहीच सापडत नाही तरी दुखणं राहतं. पण हवामान खात्यापेक्षा आमचा अंदाज बरा असतो."

रक्त घेणारा माणूस प्रत्येकाला एकच वाक्य म्हणत होता, "मुंगी चावल्यासारखं होईल हं."

"केवढी मुंगी?" आत्यानं विचारलं.

तो गोंधळला. बहुतेक इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

रिपोर्ट यायला दिवस लागणार होते, आणि तोवर आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे बोलत होती, पण बाबांच्या मार्फत. "त्या नकलेला सांग, मीठ सरकव." मी बाबांच्या आवाजात म्हणायचे, "माझं काय म्हणणं आहे, मीठ घ्या." बाबा दोघींच्या मध्ये बसून आपल्याच ताटात बघत जेवायचे.

पण एकदा संध्याकाळी दुकान आवरताना ती अचानक पडद्याशी येऊन उभी राहिली.

"ए नक्कल. ते दवाखान्यात केलंस ते. तशी दिसते मी?"

मी हो म्हणाले.

"बटण लावताना खांदा असा वर जातो?"

"जातो."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ टेबलावरचं ब्लँकेट तळव्यानं सारखं करत राहिली. मग तिनं काउंटरवरचा कप घेतला, पण बोटांनी नाही. दोन मनगटांच्या मध्ये धरला. कोपरं अंगाला चिकटली, मान जराशी डावीकडे, ओठ कपाकडे गेले, कप ओठांकडे नाही. आणि घशातून एक आवाज, चहा फार गरम असल्यासारखा, पण तो चहासाठी नव्हता. माझ्यासमोर आत्या नव्हतीच. एक म्हातारी होती, मी कधीही न पाहिलेली.

मला वाटायचं, घरात नकला मला एकटीलाच येतात. आत्या माझ्यापेक्षा कितीतरी सरस करते. तिनं आयुष्यभर एकच पाठ केलीय, आणि ती कुणाला दाखवली नव्हती.

"तुझी आजी," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबा आत आले होते, दुकानाचं कुलूप घेऊन. ते दारातच उभे. "आई अशीच चहा प्यायची," ते म्हणाले. "ताई, मला वाटायचं सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात. वाकडे."

"तू लहान होतास. मी नव्हते." आत्यानं कप खाली ठेवला. "आधी सरळ होते तिचे. सकाळी मीच तिची बटणं लावायचे. सगळे म्हणायचे, थंडीनं होतं, जाईल. मग म्हणायचे, आळस आहे, हात चालवले तर मोकळे होतील. तिनं चालवले. तपासायला काही नव्हतं तेव्हा, आणि असलं तरी कोण नेणार? मी म्हटलं, माझेही तसे व्हायचे असतील तर होऊ देत, पण लोकांनी बघण्याआधी दुकान देऊन टाकते. वाकड्या हाताच्या बाईला कोण कपडे देईल?"

"ताई, माझं काय म्हणणं आहे," बाबा म्हणाले.

आत्या गप्प बसली. दोघांनाही सवय नव्हती याची. बाबांना तर वाक्य शोधावं लागलं.

"...रिपोर्ट येईपर्यंत काकांना हो म्हणू नकोस."

रिपोर्ट आला त्या दिवशी आत्यानं टॉवेल गरम केले नाहीत आणि गोळीही घेतली नाही. बाईंनी सकाळची पहिली वेळ दिली होती. दवाखान्याचं दार आत्यानं खांद्यानं ढकललं, सरळ, सगळ्यांदेखत.

बाईंनी कागद वाचला, मग हात पाहिले, मग परत कागद. पेन उभं राहिलं.

"दोन्ही अँटीबॉडी आहेत. अँटी-सीसीपी तर बरीच जास्त आहे. म्हणजे तापाच्या साथीनं फार तर दार उघडलं असेल, पाहुणा तिचा नाही. हे बहुतेक राहणार आहे."

 बाबांनी आत्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता ती उठेल, 'चला' म्हणेल आणि थेट शिंप्याच्या दुकानात जाईल.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "मी आळशी झाले नव्हते."

"कोण म्हणालं आळशी?"

"कुणी नाही. मीच. रोज सकाळी." तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं, खळ धुऊन गेलेल्या कापडासारखं. "आणि ती पण नव्हती."

'ती' कोण ते बाईंना कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "आता चांगलं ऐका. एक्स-रेमध्ये हाडं अजून स्वच्छ आहेत. तुम्ही लवकर आलात."

"मी कुठे आले? मला आणलं."

"बरं, लवकर आणलं. हे राहणार आहे हे आत्ताच कळलंय, म्हणून थांबून बघायचं काही कारण उरलं नाही. औषध आजपासून. ते आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं, चुकूनही रोज नाही. अधूनमधून रक्त तपासायचं, यकृतावर लक्ष ठेवायचं. गुण यायला वेळ लागतो, धीर सोडायचा नाही. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं मी म्हणणार नाही, पण सुरुवातीलाच धरलं तर पुष्कळांचे हात सरळ राहतात."

"कापड ओलं असताना काढली तर चुणी निघते," आत्या म्हणाली. "तिच्यावरून एकदा कडक इस्त्री फिरली की जन्मात नाही निघत."

"छान," बाई म्हणाल्या. आणि मग, "दुकान सोडायचं म्हणत होतात?"

"कोण म्हणालं?" आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

औषध काही लगेच पावलं नाही. पहिले काही आठवडे आत्या औषधाच्या दुसऱ्या दिवशी मळमळतंय म्हणून तोंड वाकडं करून बसायची, आणि दुकानात संध्याकाळी बाबा उभे राहायचे. बाबांनी रंग कालवण्यात जन्म घालवलाय. त्यांना वाटलं, इस्त्रीही भिंतीसारखी वरून खाली मारायची. पहिल्याच दिवशी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण उठला. आत्या स्टुलावरून ओरडली, "अरे, उशी आहे ती! जखम झालीय का तिला?" तिचा आवाज ऐकून शिंपीकाका धावत आले, आणि अभ्रा बघून त्यांनी टाचण्या गिळू नयेत म्हणून आधी तोंडातून काढल्या आणि मग पोट धरून हसले. ज्या बाईंचा अभ्रा होता त्यांनी, मला सांगायला पाहिजे, दोन दिवस आमच्या दुकानाकडे पाहिलंही नाही.

मी सकाळी ऐकत राहायचे. नळाचा ठोका, थांबणं, ठोका. बरेच दिवस तसंच. मग एकदा ठोका आणि चर्र. मग परत आठवडाभर ठोकेच, तेव्हा मला रडू आलं होतं आणि मी ते बाबांच्या आवाजात रडले, म्हणजे कुणाला कळू नये. मग हळूहळू चर्र वाढले. एका सकाळी आरशावर पेस्ट नव्हती. चहा गरम असतानाच आत्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "काय बघतेस? बटण लावलंय मी. त्यात काय एवढं?" आणि वरून खालपर्यंत सगळी बटणं दाखवली.

पुन्हा तपासायला गेलो तेव्हा बाईंनी परत तो हात दाबला. कपाळाला काही झालं नाही. डाव्या हाताचं मधलं बोट तेवढं अजून जाडसर होतं. "रक्तातल्या त्या अँटीबॉडी?" बाबांनी विचारलं.

"त्या बहुतेक राहतील."

"राहू देत," आत्या म्हणाली. "गप्प बसून राहायचं असेल तर माझी हरकत नाही. घरात असाही एक जण तसाच आहे." बाबा म्हणाले, "माझं काय..." आणि स्वतःच हसले.

त्या दिवशी परत येताना शिंपीकाका दुकानासमोर उभेच होते, गळ्यात टेप. महिनाअखेर येऊन गेली होती, एक नाही, पुष्कळ. पण विचारण्याचा धीर त्यांना होत नव्हता.

"ताई, भिंतीचं..."

"सगळी नाही पाडायची," आत्या म्हणाली. "मध्ये एक खिडकी काढू. मोठी. तुमचे शिवलेले कपडे तिकडून इकडे येतील, मी इस्त्री करून देईन. आणि माझी जड गाठोडी तुमच्याकडे शिवणाऱ्या पोरींनी उचलून द्यायची. मला वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. दुखणं आहे मला. सांध्यांचं. राहणारं आहे, पण धरून ठेवलंय."

रस्त्यावर उभी राहून, मोठ्यानं, असं तिनं पहिल्यांदाच सांगितलं. पलीकडून बेकरीवाल्यानं मान वर केली. काकांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग टेप भिंतीला लावली.

आता खिडकी झालीय. तिच्यातून दिवसभर दोन्ही बाजूंनी कपडे आणि टोमणे येत-जात असतात. दुकान पूर्वीसारखं उजाडता उजाडता उघडत नाही. परवा एक साहेब भल्या पहाटे येऊन शटर वाजवत होते, हातात सूट, बाहेर गाडी चालूच. मी त्यांचा आवाज लगेच उचलला, नाकातून, घाईचा: "अहो, कुणी आहे का? मला मीटिंग आहे! किती वाजता उघडता तुम्ही?"

आत्या दुकानावरच्या आमच्या घराच्या खिडकीत आली, हातात चहाचा कप, कपाच्या कानात बोटं घालून धरलेला. बोटांनी, मनगटांनी नाही.

"दहाला!" ती वरून ओरडली. "माझी बोटं दहाला उठतात. सूट ठेवून जा, मीटिंगला मिळेल."

साहेबांना काही कळलं नाही. पण सूट ठेवून गेले.